पोर्ट ब्लेअरला बदली: स्कूटर न्यावी, विकावी की तिथेच घ्यावी?

एका ताईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेत नोकरी, बडोद्याहून पोर्ट ब्लेअरला बदली, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. शाखा अबरदीन बाजारात आहे, घर अजून ठरलेलं नाही. 2018 ची 110 सीसीची स्कूटर आहे, वडिलांनी घेऊन दिलेली. वडील आता नाहीत, त्यामुळे विकवत नाही. ती जहाजाने न्यावी, की तिथे जाऊन जुनी घ्यावी, की पेट्रोलचा खर्च वाचवायला सरळ विजेची घ्यावी? महिन्याचा खर्च कमीत कमी हवा आणि चढ-उतारावर चालवायची सवय नाही.

माझी ओळख एवढीच, की लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं सांभाळणाऱ्या विभागात, वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. त्यातली तीन वर्षं, 2009 ते 2012, पोर्ट ब्लेअरला होतो. शेवटची पोस्टिंग फतेगंजच्या ईएमई स्कूलला झाली आणि बडोद्यातच राहिलो. आता इथल्या वाडी भागात दुचाकींचं गॅरेज आहे. म्हणजे दोन्हीकडच्या गाड्या मी उघडून पाहिल्या आहेत, त्या भरवशावर लिहितोय. (सरकारी कागदोपत्री पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजय पुरम झालं आहे. फॉर्म भरताना तेच दिसेल. इथे मी जुनंच नाव वापरतो.)

ताई, तुम्ही तीन गाड्यांमधून एक निवडायला विचारताय. पण त्याआधी एक गोष्ट ठरायची राहिली आहे, ती म्हणजे घर. घर कुठे मिळतं यावर रोज किती किलोमीटर पडणार, वाटेत किती चढ लागणार, बस दारातून मिळणार की नाही, गाडी छपराखाली उभी राहणार की समुद्रावरच्या वाऱ्यात, हे सगळं ठरतं. पोर्ट ब्लेअर बेतानं पसरलेलं गाव आहे. बडोद्यात मकरपुऱ्याहून कोणी छाणीला रोज जातो, तशी अंतरं तिथे नाहीत. जंगलीघाट, देलानीपूर, गोलघर या भागात घर मिळालं तर अबरदीन बाजार दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे. गाराचर्मा, डॉलीगंज इकडे भाडं कमी लागतं, पण अंतर साधारण पाच-सात किलोमीटरवर जातं. कोणी तुम्हाला बांबूफ्लॅटला स्वस्त घर आहे म्हणून सांगेल. ते खाडीच्या पलीकडे आहे. चॅथमहून फेरीबोट आहे, तिच्यावर दुचाकीही चढते, पण बोट चुकली किंवा हवा बिघडून बोटी थांबल्या तर रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. बँकेत वेळेवर पोहोचायचं असेल, कॅशची किल्ली तुमच्याकडे असेल, तर पहिल्या वर्षी तरी त्या भानगडीत पडू नका.

म्हणून पहिला महिना गाडीशिवाय काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. अबरदीन बाजाराजवळच शहराचं मुख्य बसस्थानक आहे. सरकारी बस आहेत, खासगी आहेत, आता विजेच्या बसही धावतात. तुमची शाखा बसस्थानकाच्या इतकी जवळ असणं हा मोठा फायदा आहे. शहराच्या कुठल्याही टोकाहून येणारी बस तुम्हाला जवळपास शाखेपाशीच सोडेल. घर बघायला जाल तेव्हा घरमालकाला दोनच गोष्टी विचारा: थांबा किती पावलांवर आहे आणि संध्याकाळची शेवटची बस किती वाजता जाते. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण बँकेतून सुटायची वेळ तुमच्या हातात नसते. बस चुकेल त्या दिवशी रिक्षा करा, पण बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. महिनाअखेरीस वहीत पाहा, बसला किती गेले आणि रिक्षाला किती. रिक्षाचे पैसे नगण्य असतील तर कदाचित गाडीची गरजच नाही. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे तिथे तीन-तीन वर्षं बसवरच राहिले आणि त्यांचं काही अडलं नाही.

आता गाडी लागेलच असं धरू. बडोद्यात राहून पोर्ट ब्लेअरचा अंदाज येत नाही, तो तीन गोष्टींमुळे: मीठ, चढ आणि अंधार. यातलं मीठ जरा सविस्तर सांगतो, कारण खर्चाचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडेही गाड्या भिजतात. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली, तेव्हा पुढचे दोन महिने माझ्या गॅरेजमध्ये पाण्यात बुडालेल्या स्कूटरच होत्या. एअर फिल्टरमध्ये चिखल, इंजिन ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा, वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या खटक्यांमध्ये, गाळ. पण त्यातल्या बहुतेक गाड्या वाचल्या. नदीचं पाणी घाण असलं तरी गोडं असतं. धुवून, ऑइल दोनदा बदलून, कपलर उघडून वाळवले की गाडी पुन्हा उभी राहते. पाणी गेलं की नुकसान थांबतं.

समुद्राच्या हवेचं तसं नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की काय होतं, ते घरात सगळ्यांनी पाहिलंय. मिठाला पाणी सुटतं. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते याहून कमी दमटपणातही ओले राहतात. पोर्ट ब्लेअरची हवा वर्षातला बराच काळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा बारीक थर एकदा लोखंडावर बसला की तो वाळतच नाही. पाऊस नसतानाही, गाडी नुसती उभी असतानाही, गंजायचं काम रात्रंदिवस चालू राहतं. उलट जोराचा पाऊस वरचं मीठ धुवून नेतो, ते बरंच. त्रास होतो तो जिथे पाऊस पोहोचत नाही आणि मीठ पोहोचतं तिथे. फूटबोर्डच्या खाली, मडगार्डच्या आत, सायलेन्सरच्या वरच्या बाजूला.

2011 ची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या एका सहकाऱ्याने मध्य प्रदेशातून आपली स्कूटर जहाजाने आणली होती. दोन वर्षं झाली होती. बाहेरून गाडी चकचकीत, रोज फडक्याने पुसायचा. फूटबोर्डखालून खडखड आवाज येतो म्हणून रविवारी उघडायला घेतली. चार स्क्रू काढायचे होते. तीन स्क्रूंची डोकी तुटून हातात आली. चौथा ड्रिलने काढावा लागला. रबरी मॅट उचलली तर खाली वीट कुटून पसरल्यासारखा लाल थर. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, जो नळा पुढच्या चाकाकडून पायाखालून मागे जातो, त्यावर मी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि अंगठ्याने दाबलं. भाजलेला पापड मोडावा तसा बारीक आवाज झाला आणि टोक आत गेलं. त्याच गाडीवर तो बायको आणि मुलीला घेऊन कोर्बिन्स कोव्हच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचा. ती गाडी आम्ही परत रस्त्यावर जाऊ दिली नाही.

तो रोज पुसायचा, मग हे झालं कसं? त्याने वरून पुसलं, खालून कधी धुतलं नाही. शिवाय रबरी मॅटखाली ओल दबून राहिली. हे सांगायचं कारण असं, की तिथे गाडीची उरलेली किंमत ती कुठे धुतली आणि कुठे उभी केली यावर ठरते. मॉडेल कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

चढाबद्दल. बडोदा सपाट आहे. आपल्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, गेंडा सर्कलकडून अटल ब्रिज चढायचा एवढंच. पोर्ट ब्लेअर टेकड्यांवर वसलेलं आहे. बाजारातून निघालं की चढ, चढ संपला की लगेच उतार, उताराच्या तळाशी वळण आणि समोरून बस. चढाची भीती बाळगू नका, 110 सीसीची स्कूटर दोन माणसं घेऊन तो चढते. काळजी उताराची घ्यायची. गिअरच्या मोटारसायकलला दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. स्कूटरमध्ये वेग कमी झाला की आपोआप क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते, सगळा भार ब्रेकवर येतो. थ्रॉटल जरासा उघडा ठेवून क्लच धरून ठेवण्याची युक्ती अनुभवी लोक वापरतात, पण नवख्याने ओल्या रस्त्यावर ती करू नये. तुम्ही सरळ हळू उतरा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, आणि पुढच्या गाडीपासून बडोद्यात ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक तरी सक्तीचा झाला. डावा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तुमची 2018 ची आहे, तिला तो आहे की नाही ते बघून घ्या. त्या उतारांवर मला तो हवाच वाटतो.

अंधाराचं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र तेच भारतीय वेळेचं. सूर्याच्या हिशोबाने बडोदा आणि पोर्ट ब्लेअरमध्ये सव्वा तासाहून जास्त फरक आहे. जूनमध्ये आपल्याकडे सव्वासात वाजून गेले तरी उजेड असतो. तिथे सहाच्या आत सूर्य मावळलेला असतो, आणि डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास. तुम्ही बँकेतून साडेसहाला निघालात तर वर्षभर, एकही दिवस न चुकता, अंधारातच घरी जाणार. त्यात पाऊस. बडोद्यात वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पडतो, तिथे 3000 च्या आसपास. मे महिन्यात सुरू होतो, आणि आपल्याकडे दिवाळीला आकाश मोकळं झालेलं असतं तेव्हाही तिथे सरी चालूच असतात. त्यामुळे गाडी बघताना सर्वात आधी हेडलाइट बघा. जुन्या स्कूटरमध्ये हेडलाइटची काच आतून पिवळी पडलेली असते, परावर्तक काळवंडलेला असतो. दिवसा गाडी पाहून घेणारा माणूस तिथेच फसतो. संध्याकाळी सात वाजता, भिंतीसमोर उभी करून, दिवा लावून बघा. रेनकोट दोन तुकड्यांचा आणि उजळ रंगाचा घ्या. हेल्मेटची काच पारदर्शकच हवी, काळी काच तिथे कामाची नाही.

आता पैशांकडे येऊ. विजेची गाडी घ्यावी हा तुमचा विचार पेट्रोल वाचवण्यासाठी आहे, म्हणून आकडे मांडून दाखवतो. घर सहा किलोमीटरवर मिळालं असं धरा. येऊन-जाऊन 12, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 300 किलोमीटर. चढ-उतारात स्कूटर लिटरला 40 देईल, म्हणजे महिन्याला साडेसात लिटर. अंदमानात पेट्रोलवरचा कर अगदी कमी आहे, देशातलं सर्वात स्वस्त पेट्रोल तिथलंच, गुजरातपेक्षाही लिटरमागे साधारण दहा-बारा रुपयांनी कमी. 85 रुपये धरले तरी महिन्याचं पेट्रोल 640 रुपयांच्या आत बसतं. विजेच्या गाडीने यातले समजा 500 वाचले, तरी वर्षाचे सहा हजार. तुमची बदली तीन वर्षांची असेल तर अठरा हजार. तेवढ्यासाठी लाखभर रुपयांची नवी गाडी घेणं हिशोबात बसत नाही. तुमच्या बाबतीत पेट्रोल हा सर्वात लहान खर्च आहे. मोठा खर्च आहे तो गाडी घेतानाची किंमत आणि तिथून निघताना विकून येणारी किंमत यांतला फरक.

विजेच्या गाडीला माझा विरोध नाही. चढावर ती पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा जोमाने चढते, तिला सायलेन्सर नाही म्हणजे गंजून गळणारा एक मोठा भाग कमी. पण घेण्याआधी तीन गोष्टींची खात्री हवी. घरमालक पार्किंगपर्यंत वीज द्यायला तयार आहे का? त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेटावर आहे का, आणि चार्जर किंवा कंट्रोलर बिघडला तर भाग किती दिवसांत येतो? तिसरं, वीज गेली तर तुमची दोन दिवसांची जा-ये बॅटरीत उरते का? बेटावरची बरीचशी वीज अजून डिझेलच्या जनित्रांवर तयार होते, मुख्य भूमीवरच्या ग्रिडशी ती जोडलेली नाही, त्यामुळे वीज जाणं धरून चालावं लागतं. तिन्हींची उत्तरं समाधानाची असली, आणि पुढे मुख्य भूमीवर बदली झाल्यावरही ती गाडी सोबत न्यायची असेल, तर जरूर घ्या. नुसतं पेट्रोल वाचवायला घेऊ नका.

तुमची आहे ती गाडी नेण्याबद्दल. बडोद्याहून अंदमानला थेट काही जात नाही. आधी चेन्नईला, रेल्वे पार्सलने किंवा ट्रकने, आणि तिथून जहाजाने. जहाजं कोलकाता आणि विशाखापट्टणमहूनही जातात, पण आपल्याला चेन्नई सोयीचं, नवजीवन एक्सप्रेस बडोद्यावरून थेट जाते. रेल्वेत टाकायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गोणपाटात पॅकिंग. म्हणजे बडोद्यात चढवणं, चेन्नईत उतरवणं, बंदरावर नेणं, पुन्हा चढवणं, पोर्ट ब्लेअरला उतरवणं, अशी पाच वेळा गाडी अनोळखी हातांत जाते. माझी स्वतःची मोटारसायकल आली तेव्हा क्लचचा लिव्हर तुटलेला आणि टाकीला पोचा होता. भरपाईसाठी सहा महिने पत्रं लिहिली, मिळाली नाही. वर ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला, गाडी कधी हातात पडेल याचा नेम नाही.

मग कागद. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 चा नियम आहे. त्यासाठी आधी इथल्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र, मग तिथे नव्या नंबरसाठी अर्ज आणि तिथला कर. इथे भरलेल्या एकरकमी करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे घालायला बडोद्यात कोणीतरी हवं. आणि तीन वर्षांनी परत येताना हेच सगळं उलट दिशेने.

एवढं करून 2018 ची गाडी तिथे न्यायची, तर ती तिथून परत आणण्याच्या लायकीची राहील का, याची खात्री मी देऊ शकत नाही. तुमच्यासाठी ती नुसती गाडी नाही, हे मला समजतं. म्हणूनच म्हणतो, ती मिठाच्या हवेत नेऊ नका. बडोद्यातच ठेवा. कशी ठेवायची ते शेवटी सांगतो.

याला अपवाद आहे. तुमची गाडी वर्ष-दोन वर्षांची असती, आणि बदलीच्या नियमांत बँक वाहन नेण्याचा खर्च देत असती, तर मी सल्ला बदलला असता. बँकेच्या एचआरला हा प्रश्न तसाही विचाराच, वाचणाऱ्या इतरांना त्याचा उपयोग होईल.

माझ्या मते तुम्ही तिथे जाऊन, महिना बसमध्ये काढून, मग तिथलीच वापरलेली स्कूटर घ्यावी. पोर्ट ब्लेअर हे बदल्यांचं गाव आहे. नौदल, तटरक्षक दल, लष्कर, केंद्राची खाती, बँका, सगळीकडे दोन-तीन वर्षांनी माणसं निघतात आणि निघणाऱ्याला गाडी न्यायची नसते. त्याला ती पंधरा दिवसांत विकायची असते. बँकेतल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा, महिन्याभरात दोन-चार गाड्या समोर येतील. शिवाय नंबर तिथलाच, म्हणजे फक्त फॉर्म 29 आणि 30 भरून नावावर करायची. निघताना तुम्हीही ती अशीच पुढच्या माणसाला द्याल, आणि तीन वर्षांत जो फरक पडेल तेवढाच तुमचा खरा खर्च.

जुनी गाडी तिथे घेण्यात एक फायदा असा, की तिला मिठाने काय केलंय ते आधीच दिसतं. फक्त ते बघायची नजर हवी, म्हणून जिथे बघायचं तेवढं सांगतो. रंग आणि सीट बघत बसू नका. रबरी मॅट काढायला सांगा आणि फूटबोर्डखाली मोबाइलची बॅटरी मारून चासीचा नळा बघा. वरवरचा तांबूस रंग चालतो. पापुद्रे सुटत असतील, नखाने खपली निघत असेल, तर किती स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. सेंटर स्टँडच्या बिजागरीपाशी आणि सायलेन्सर इंजिनला जोडतो तिथे बघा. मालकाला सांगा, गाडी तीन-चार दिवस उभी ठेवलेली हवी, आणि मग ब्रेकचे दोन्ही लिव्हर दाबून सोडा. केबल आतून गंजली असेल तर लिव्हर सावकाश, अडखळत परत येतो. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी असेल तर समजा वायरिंगचे कपलरही तसेच आहेत. 2020 च्या एप्रिलनंतरच्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यात सेन्सर जास्त, कपलर जास्त. चांगल्या अवस्थेतली मिळाली तर उत्तमच, पण चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, एवढं डोळ्यांनी बघा. मग एक मोठा चढ चढवून उतरवून बघा. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकाला देणारा पट्टा आणि त्याचे रोलर गेले. ते बदलता येतात, तेवढे पैसे किंमतीतून कमी करून घ्या.

तरीही नवीच घ्यावीशी वाटली, तर बीएच (भारत) मालिकेचा नंबर विचारा. 2021 मध्ये सुरू झालेली ही सोय केंद्र-राज्य सरकारी, सार्वजनिक क्षेत्रातील आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते. राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. सारखी बदली होणाऱ्याला हे सोयीचं आहे.

गाडी घेतल्यावरचा नेम असा ठेवा. आठवड्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने खालून धुवा, मडगार्डच्या आतून, स्टँडच्या मागून. प्रेशरची गरज नाही, बादली आणि तांब्या पुरतो. तिथे उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याची टंचाई असते, तेव्हा अर्धी बादली खालच्या बाजूला वापरा आणि वरचा भाग ओल्या फडक्यावर भागवा. धुतल्यावर दहा मिनिटं फिरवून आणा, ब्रेक आणि सायलेन्सर कोरडे होतात. रबरी मॅट काढून टाका. प्लास्टिकचं बंद कव्हर घालू नका, आत घाम साठतो. चासीच्या खालच्या भागाला वर्षातून दोनदा गंजरोधक कोटिंग मारून घ्या, केबलमध्ये तेल सोडा, नट-बोल्टवर ग्रीसचं बोट फिरवा. ब्रेकच्या ड्रमला आणि डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये. आणि भरतीच्या वेळी रस्त्यावर आलेल्या खाडीच्या पाण्यातून गाडी घालू नका. सिप्पीघाटाच्या बाजूला 2004 च्या त्सुनामीत जमीन खचली आणि शेतांमध्ये समुद्राचं पाणी कायमचं शिरलं, तिकडचे सखल रस्ते मी असताना भरतीला ओले व्हायचे. कधी जावंच लागलं, तर त्याच दिवशी घरी येऊन चाकं, ब्रेक आणि खालचा भाग धुवा. उद्यावर टाकू नका.

इथून निघताना सामानात एक ब्रेक केबल, एक प्लग, हेडलाइटचा बल्ब आणि पंक्चरचं किट ठेवायचा मोह होईल. गाडी कोणती मिळेल ते माहीत नसताना ते घेऊ नका. गाडी घेतल्यावर तिथेच घेऊन ठेवा, कारण जहाज लांबलं की साधी केबलही दुकानात आठ-आठ दिवस नसते.

आता वडिलांची स्कूटर. निघायच्या आठवड्यात इंजिन ऑइल बदलून घ्या, जुनं ऑइल आत ठेवून गाडी उभी करू नये. तुमची गाडी कार्ब्युरेटरची आहे, म्हणजे इंजेक्शनच्या आधीची, पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग असलेली. टाकीतलं पेट्रोल काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होईल. नाहीतर तळाशी राळ साचून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, गाडी सेंटर स्टँडवर, वर जुनी सुती चादर. पुराच्या पट्ट्यात घर असेल तर तळमजल्यावर ठेवू नका, वरच्या ओट्यावर किंवा ओळखीच्या उंच जागी न्या, 2024 ला ज्यांनी हे केलं त्यांची गाडी माझ्याकडे आली नाही. घरी जे कोणी असेल त्यांना एवढंच सांगून ठेवा: महिन्यातून एकदा मागचं चाक हाताने दोन-चार वेढे फिरवायचं, किकही पाच-सहा वेळा मारायची, चावी बंद ठेवून. सुट्टीवर याल तेव्हा वायर जोडा, ताजं लिटरभर पेट्रोल घाला आणि पहिली किक तुम्हीच मारा.